कडू स्वभावाचं कॅफीन

दिसायला ते अगदी सोज्वळ आहे. पांढरंशुभ्र, रेशमी झाक असलेलं, सुईदार स्फटिकांचं. त्याला वास नाही. प्रयोगशाळेतल्या बाटलीवरची चिठ्ठी निघून गेली, तर आत मीठ आहे, पिठीसाखर आहे की तापाच्या गोळीची पूड, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येणार नाही. सकाळी डोळे पुरते उघडायच्या आत माणसं ज्याच्यासाठी हात पुढे करतात ते हेच, यावर विश्वास बसत नाही. कॉफीचा दरवळ त्याचा नव्हे, चहाचा लालसर रंग त्याचा नव्हे. त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकच बोलणं आहे आणि ते कडू आहे.

पाण्याशी ते माणूस पाहून वागल्यासारखं वागतं. थंड पाण्यात संकोचतं. लिटरभर पाण्यात साधारण वीस ग्रॅम विरघळलं की उरलेलं तळाशी बसून राहतं. तेच पाणी उकळू लागलं की सहाशे ग्रॅमहून अधिक सामावून जातं. आपल्याकडे चहाचं आधण खळखळून उकळू देतात, ते त्याच्या पथ्यावरच पडतं. कोरडं तापवलं तर ते वितळण्याआधीच वाफ होऊन उडायला लागतं. कॉफी भाजायच्या कारखान्यांत धुराड्यांच्या आतून पांढरी पुटं चढतात, त्यांत ते सापडतं. तरी बियांतलं बरंचसं कॅफीन भट्टीतून सुखरूप बाहेर पडतं. बी फिकी भाजा की काळीकुट्ट, त्याचं प्रमाण फारसं हलत नाही. आगीतूनही आपला स्वभाव जसाच्या तसा घेऊन येणाऱ्यांतलं ते आहे.

घराणं प्युरिनांचं. थिओब्रोमीन आणि थिओफिलीन ही सख्खी भावंडं. पहिलं कोकोत राहतं, दुसऱ्याने कित्येक वर्षं दम्याच्या रुग्णांचा श्वास मोकळा केला. कॅफीनचा जन्म मात्र एकाच घरी झालेला नाही. २०१४ साली कॉफीच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की कॉफीच्या झाडाला कॅफीन बनवण्याची विद्या चहा आणि कोको यांच्याशी असलेल्या कुठल्या समाईक पूर्वजाकडून मिळालेली नाही. त्याने ती स्वतंत्रपणे, वेगळ्या वाटेने कमावली. एकमेकांपासून दूर वाढलेल्या झाडांना एकच गोष्ट बनवावीशी वाटली, याचा अर्थ त्या गोष्टीचा त्यांना मोठाच उपयोग होता.

तो उपयोग पाहिला की या कॅफीनच्या स्वभावाचं मर्म हाती लागतं. पानांत आणि बियांत ते भरपूर असतं. पान कुरतडायला आलेल्या किड्याला ते कडू तर लागतंच, शिवाय विषासारखं बाधतं. म्हणजे पानात ते राखणदार आहे. पण कॉफीच्या आणि लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या काही झाडांच्या फुलांत, मधुरसातही ते असतं, आणि तिथे त्याचा नूर पालटतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या जेराल्डिन राइट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली मधमाश्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅफीनमिश्रित मधुरस चाखलेल्या माश्यांपैकी चोवीस तासांनंतरही त्याच्याशी जोडलेला फुलाचा गंध लक्षात ठेवणाऱ्यांची संख्या साध्या साखरपाण्यावरच्या माश्यांच्या तिप्पट निघाली. त्याहून विलक्षण गोष्ट मापाची आहे. त्या फुलांतलं कॅफीन इतकंच असतं की मधमाशीला कडू लागू नये. कडू लागलं असतं तर ती परत आली नसती. आठवण पक्की व्हावी इतकं आहे, कडू कळावं इतकं नाही.

मला कॅफीनचं व्यक्तिमत्त्व या एका फुलात पूर्ण दिसतं. पानात ते उघडपणे कडू बोलतं आणि समोरच्याला दूर ठेवतं. फुलात जिभेच्या जाणिवेखाली राहतं आणि समोरच्याला परत बोलावतं. माणसाशी त्याचं जे काही चालतं, त्यातही हीच दोन रूपं आहेत. पहिलं आपल्याला चांगलं ठाऊक आहे. दुसऱ्याकडे आपलं लक्ष जात नाही, आणि ते जायला हवं, म्हणून हे लिहायला घेतलं.

माणसाने त्याला पहिल्यांदा एकटं, वेगळं काढून पाहिलं ते १८१९ साली. जर्मनीतल्या येना इथे फ्रीडलीब फर्डिनांड रुंगं नावाचा पंचवीस वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ होता. बेलाडोनाच्या अर्काने मांजराच्या डोळ्यांतल्या बाहुल्या कशा विस्फारतात, हे त्याने महाकवी ग्यॉथंला करून दाखवलं. ग्यॉथं वनस्पतींचा आणि रंगांचाही मनापासून अभ्यास करणारा माणूस. तो खूश झाला आणि निघताना त्याने रुंगंला कॉफीच्या बियांची डबी दिली, यांचंही पृथक्करण कर म्हणाला. त्या बियांतून कॅफीन निघालं. पुढे १८२७ साली चहातून असाच पदार्थ वेगळा काढला गेला आणि त्याला थेइन असं निराळं नाव मिळालं. दोन्ही एकच आहेत हे ध्यानात यायला १८३८ साल उजाडलं. म्हणजे कितीतरी वर्षं ते दोन घरांत दोन नावांनी नांदलं. कॉफीवाले आणि चहावाले आपापल्या पेयाचा कैवार घेऊन भांडत असताना दोघांच्याही कपात तेच होतं.

त्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत तयार केलं एमिल फिशर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १९०२ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते दोन कामांसाठी: शर्करा आणि प्युरिनं. साखरेचं अंतरंग आणि कॅफीनच्या घराण्याचं अंतरंग एकाच माणसाने उलगडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. कारण आपल्या कपात ही दोघं कायम बरोबर असतात, आणि त्यांचं नातं आपल्याला वाटतं त्याहून गुंतागुंतीचं आहे.

जिभेपाशी येऊ. गोड ओळखायला जिभेवर मुख्यतः एका जोडीचा रिसेप्टर असतो. कडू ओळखायला मात्र सुमारे पंचवीस प्रकारचे आहेत. निसर्गात विषारी पदार्थ अनेक रचनांचे असतात, आणि त्यातले पुष्कळ कडू लागतात. एखादं निसटू नये म्हणून जिभेने इतके पहारेकरी ठेवले. कॅफीन त्यातल्या एकाला नव्हे, पाच जणांना जागं करतं. त्या पाचांची घडण प्रत्येक माणसाच्या जनुकांप्रमाणे थोडी वेगळी असते. म्हणून एकाच किटलीतला कोरा चहा एकाला "कडूजहर" लागतो आणि शेजारचा मात्र "अजून जरा कडक चालला असता" म्हणतो. दोघंही खरं बोलत असतात.

त्याच्या कडूपणाबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. कॉफीत जे कडू लागतं ते सगळं कॅफीनचं, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात त्याचा वाटा लहान आहे, पंधरा टक्क्यांच्या आसपास. बाकीचा कडूपणा भाजताना तयार होतो. बियांतल्या क्लोरोजेनिक आम्लापासून भट्टीत जे पदार्थ बनतात, ते कडू असतात. जितकं काळं भाजाल तितका हा कडूपणा वाढतो, कॅफीन नाही. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस यांनी १९०६ साली कॅफीन काढून टाकलेली कॉफी बाजारात आणली. तीही कडूच लागते. आपल्याकडे दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीत चिकोरी मिसळतात. चिकोरीची मुळं भाजून दळलेली असतात, चांगली कडू असतात आणि त्यांत कॅफीनचा कणही नसतो. कडू म्हणजे कडक आणि कडक म्हणजे तरतरी, हा जिभेने मांडलेला हिशेब इथे चुकतो. अस्सल कडूपणा कॅफीनविना मिळतो, आणि कॅफीन कडूपणाविनाही मिळू शकतं.

हे दुसरं प्रकरण जास्त महत्त्वाचं. कोला पेयांत कॅफीन घालतात ते चवीसाठी, असं उत्पादक सांगत आले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी हे तपासून पाहिलं आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नियमित कोला पिणाऱ्या पंचवीस माणसांना कॅफीन असलेला आणि नसलेला कोला चाखायला दिला. बाजारातल्या कोलाइतक्या प्रमाणात कॅफीन असताना फक्त दोघांना फरक ओळखता आला. उरलेल्या तेवीस जणांच्या जिभेला ते लागलंच नाही. पण रक्तात ते उतरतं, मेंदूपर्यंत पोचतं आणि दुसऱ्या दिवशी त्या बाटलीची आठवण करून देतं. फुलातल्या मधुरसात जे माप, तेच इथे बाटलीत: जिभेच्या जाणिवेच्या खाली, सवयीच्या वर.

मेंदूत पोचल्यावर ते काय करतं? दिवसभर काम करताना आपल्या शरीरात अॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो मेंदूतल्या आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसला की शरीराला थकवा कळतो, डोळे जड होतात. कॅफीनची बांधणी अॅडेनोसिनशी इतकी जुळते की ते त्याच जागांवर जाऊन बसतं, पण थकव्याचा निरोप मात्र देत नाही. एस.टी.च्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरावी, तसं. जागा अडलेली असते, बसणारा आलेला नसतो. अॅडेनोसिन बाहेर ताटकळत उभं राहतं, आणि आपल्याला वाटतं की शीण गेला. शीण गेलेला नसतो, त्याला बसायला जागा मिळालेली नसते. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. सिगारेट ओढणाऱ्यांत ते लवकर निघून जातं, गरोदर बाईच्या शरीरात खूप उशिरापर्यंत राहतं. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला निम्मा शरीरात असतो, आणि आपण झोप का येत नाही म्हणून कूस बदलत राहतो.

आता यातला चवीशी जोडलेला धागा. अॅडेनोसिनच्या या जागा फक्त मेंदूत नाहीत. उंदरांच्या जिभेवरच्या स्वादकलिकांतही त्या सापडल्या आहेत, आणि तिथे अॅडेनोसिन गोड चवीचा संदेश वाढवण्याचं काम करतं. मग ज्या कॅफीनने मेंदूत अॅडेनोसिनची वाट अडवली, ते जिभेवरही अडवत असेल का? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रॉबिन डँडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न माणसांना विचारला आणि २०१७ साली उत्तर प्रसिद्ध केलं. शंभराहून थोड्या जास्त लोकांना गोड केलेली कॅफीनरहित कॉफी दिली. एका दिवशी तिच्यात २०० मिलिग्रॅम कॅफीन मिसळलेलं, दुसऱ्या दिवशी कॅफीनऐवजी थोडं क्विनीन हे दुसरं कडू द्रव्य, म्हणजे कडूपणा दोन्हीकडे सारखाच राहावा. कॅफीनच्या दिवशी लोकांना कॉफी कमी गोड लागली. त्यानंतर चाखलेलं साखरपाणीही कमी गोड लागलं. आणि आपण कोणत्या दिवशी कॅफीन घेतलं, हे लोकांना ओळखता आलं नाही.

या प्रयोगाचा अर्थ आपल्या घरातल्या सकाळशी लावून पाहावा. ज्या कपात आपण साखर घालतो, त्याच कपातलं कॅफीन ती साखर फिकी करतं. मग आपण आणखी अर्धा चमचा घालतो. चहासोबत बिस्किट, खारी, कधी बर्फीचा तुकडा बशीत येतो, तो तोंडातल्या गोडाची कसर भरून काढायला. "साखर जरा कमीच पडली गं आज," असं चहाचा कप खाली ठेवत आजोबा म्हणतात, आणि सून म्हणते, "नाही हो बाबा, रोजच्याएवढीच घातली." दोघांचंही खरं असू शकतं. साखर तेवढीच होती, तिची गोडी थोडी आत अडवली गेली होती.

पण कॅफीनवर नसलेला आरोप ठेवू नये, इतका न्याय त्याला द्यायला हवा. डेन्मार्कच्या ऑर्‌हूस विद्यापीठात २०२० साली दीडशेहून थोड्या जास्त माणसांची चव आणि वास घेण्याची क्षमता कॉफी पिण्याआधी आणि नंतर तपासली. वासात काही फरक पडला नाही. कॉफीनंतर मात्र लोकांना फिकं गोड अधिक सहज ओळखू आलं आणि कडू कमी जाणवलं. हे वरवर पाहता कॉर्नेलच्या उलट वाटतं. पण त्याच संशोधकांनी कॅफीनरहित कॉफी देऊन पुन्हा पाहिलं, तरी परिणाम तसाच राहिला. म्हणजे तो कॅफीनचा नव्हता. कॉफीतल्या इतर कडू पदार्थांचा असावा. कडू घोटानंतर जीभ गोडाकडे अधिक लक्ष देते, हे काळ्या कॉफीसोबत गडद चॉकलेट खाणाऱ्याला आपोआप कळलेलं असतं. कॉफी ही अनेकांची मैफल आहे. त्यात कोण कोणता सूर लावतंय ते वेगळं काढूनच ऐकावं लागतं.

या स्वभावचित्रातला सर्वांत अनपेक्षित भाग आनुवंशिकतेचा आहे. आपण सहज म्हणू की ज्याला कॅफीनचं कडू जास्त जाणवतं, तो कॉफीपासून लांब राहील. २०१८ साली ब्रिटनमधल्या चार लाखांहून अधिक माणसांच्या जनुकांची आणि खाण्यापिण्याच्या सवयींची माहिती ताडून पाहिली गेली. क्विनीनचं कडू ज्यांना जनुकांमुळे तीव्र लागतं, ते कॉफी कमी पितात. हे अपेक्षेप्रमाणे झालं. कॅफीनचं कडू ज्यांना जास्त जाणवतं, ते मात्र कॉफी जास्त पितात. संशोधकांना याचं कारण शिकण्यात दिसतं. जीभ सांगते कडू, आणि अर्ध्या तासात शरीर सांगतं, बरं वाटलं. हे रोज, वर्षानुवर्षं घडलं की कडू हीच बरं वाटण्याची खूण होऊन बसते. ज्याच्या जिभेला ती खूण ठळक दिसते, तोच तिचा मागोवा घेत राहतो. "चहाबाजांची जीभ मेलेली असते" असं आपल्याकडे गमतीने म्हणतात, तेही खरं नव्हे. थोड्या माणसांवर झालेल्या २०१७ सालच्या एका अभ्यासात रोज अधिक कॅफीन घेणाऱ्यांना कॅफीनचं कडू कमी नव्हे, उलट जास्त जाणवण्याकडेच कल दिसला. सवयीने जीभ बोथट झालेली नसते. तिने कडूपणाशी सलोखा केलेला असतो.

हा सलोखा आपल्या समाजाला नवा नाही. गुढीपाडव्याला कडुनिंबाची पानं गूळ-जिऱ्यात वाटून खाणारी, कारल्याला मीठ लावून त्याचं पाणी पिळून काढणारी, मेथीच्या लाडवांत गूळ घालणारी आपली माणसं. कडूला हाकलून न देता त्याला सांभाळून घरात घ्यायचं, हे आपल्या स्वयंपाकघराला फार जुनं ठाऊक आहे. चहाच्या बाबतीतही आपण तेच केलं. दुधातली प्रथिनं चहातल्या तुरट टॅनिनांना धरून ठेवतात, साखर कडूपणावर पांघरूण घालते, आलं-वेलदोडा नाकाला गुंतवून ठेवतात. मीठही यात कमी नाही: चिमूटभर मीठ कडूपणा दाबतं आणि बाकीच्या चवी वर येतात, हे १९९७ साली प्रयोगांनी दाखवून दिलं. पुण्यातल्या अमृततुल्यच्या पितळी भांड्यातला दाट चहा हा कॅफीनला दुधा-साखरेत समजुतीने बसवण्याचा पिढ्यांचा सराव आहे. कोकणात परसातली गवती चहाची पात उकळून पितात, तिच्यात चहाची पावडर घातली नाही तर कॅफीन अजिबात नसतं. आजारी माणसाला आणि लहान मुलाला आजी ती देते, त्यामागे एक शहाणपण आहेच.

कॅफीनचा एक अतिशय मायाळू चेहराही आहे, आणि तो सांगितल्याशिवाय त्याचं चित्र पुरं होणार नाही. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचा मेंदू अजून कच्चा असतो. ते मधेच श्वास घ्यायला विसरतं. अशा बाळांना नवजात अतिदक्षता विभागात कॅफीन सायट्रेट हे औषध देतात. ते मेंदूला श्वासाची आठवण देत राहतं. २००६ आणि २००७ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले: दोन हजारांवर अत्यंत कमी वजनाच्या बाळांत कॅफीनमुळे फुप्फुसाचा दीर्घ आजार कमी झाला, आणि दीड-पावणेदोन वर्षांची होईपर्यंत मोठं अपंगत्व न येता वाढणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं. तिथे ते शिरेतून किंवा नळीतून जातं. जिभेशी त्याची गाठच पडत नाही. कडू न बोलता ते इतकं मोठं काम करतं.

आणि त्याला सोडायला गेलात तर ते कुणालाही सहजी निरोप देत नाही. रोज घेणाऱ्याने एकदम बंद केलं की बारा ते चोवीस तासांत डोकं चढतं, चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही. आधी अडवलेल्या जागा मोकळ्या होतात आणि ताटकळलेलं अॅडेनोसिन एकदम आत येतं. हे दोन दिवस ते आठवडाभर चालतं. कमी करायचं असेल तर हळूहळू करावं, हे डॉक्टर सांगतात ते याचसाठी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंतचं कॅफीन सुरक्षित मानलं, गरोदर स्त्रियांसाठी २००. कॉफीच्या मोठ्या कपात साधारण शंभर मिलिग्रॅम असतं, चहाच्या कपात तीस ते पन्नास. म्हणजे बहुतेक घरं या मर्यादेच्या आतच आहेत. आपल्या तब्येतीला खरा ताप कॅफीनपेक्षा त्याच्या मागोमाग येणाऱ्या साखरेचा आहे.

म्हणूनच मधुमेहाने घर गाठलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. बिनसाखरेचा चहा म्हणजे शिक्षा, हे खरं नाही. लंडन आणि लीड्स इथल्या संशोधकांनी २०१९ साली चहात साखर घेणाऱ्या ६४ पुरुषांवरचा महिनाभराचा अभ्यास मांडला. काहींनी साखर टप्प्याटप्प्याने कमी केली, काहींनी एकदम सोडली. दोन्ही गटांची चहाची आवड कमी झाली नाही, आणि त्यातल्या अनेकांनी नंतरही साखर घेतली नाही. रोजच्या जेवणातली साखर दोन-तीन महिने कमी ठेवली की तेच पदार्थ अधिक गोड लागू लागतात, हेही दुसऱ्या एका प्रयोगात दिसलं आहे. जीभ शिकते. ती कॅफीनचं कडू आवडून घ्यायला शिकली, तर कमी गोड आवडून घ्यायलाही ती शिकते. तिला थोडे आठवडे द्यायला हवेत, आणि पहिल्या आठवड्यात "चहा म्हणजे औषधच झालंय" म्हणून कप बाजूला सारायचा नाही.

दुसरी गोष्ट मुलांविषयीची आहे आणि ती अधिक निकडीची. कोऱ्या चहाचा घोट मुलाने घेतला तर ते तोंड वाकडं करतं, आणि तिथेच थांबतं. कडूपणाने आपलं राखणदाराचं काम केलेलं असतं. गोड, थंड, फसफसणाऱ्या पेयात मात्र तो राखणदार गप्प असतो. भारतात ज्यादा कॅफीनच्या पेयांत लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकतं, आणि ती मुलांसाठी, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी नाहीत, असं डब्यावर छापणं बंधनकारक आहे. २०२४ च्या जुलैत महाराष्ट्राच्या विधान परिषदेत शाळांच्या ५०० मीटर परिसरात अशा पेयांच्या विक्रीवर बंदी आणण्याची घोषणाही झाली. पण शाळेच्या फाटकापासून सहाशे मीटरवर दुकान असतंच, आणि परीक्षेच्या रात्री मुलं ते शोधून काढतात.

मला कॅफीन आवडतं. त्याच्या कडूपणाचा मला आदर आहे, कारण तो प्रामाणिक आहे: मी आलोय, माप सांभाळ, असं तो पहिल्याच घोटाला सांगतो. मोठी माणसं हे ऐकून आपला निर्णय घेऊ शकतात. जिथे साखरेच्या आणि गॅसच्या आड त्याचं तोंड बंद केलेलं असतं, तिथे जिभेवर विसंबून चालणार नाही. तिथे डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागतात. आपल्या मुलांना ती वाचायला शिकवणं हे आई-वडिलांचं आणि शाळेचं काम आहे, आणि ते या परीक्षांच्या हंगामाआधी व्हायला हवं.